गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या चेतकचा तीन वर्षांचा घोळ

आधी लक्षण सांगतो, तुमची गाडी हेच करत असेल तरच पुढे वाचा. सकाळी अर्ध्या किकमध्ये चालू. पेठेत दिवसभर फिरवा, भाजी आणा, पोराला क्लासला सोडा, काही तक्रार नाही. पण पंधरा-वीस किलोमीटर सलग पळवली आणि पुढे चढ लागला की आधी एक झटका, मग दोन, आणि मग कोणीतरी चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प. किक मारून मारून पोटऱ्या भरून येतात पण काही उपयोग नाही. वीस-पंचवीस मिनिटं बाजूला बसा, चहा प्या, परत किक मारा, पहिल्या किकला चालू. जसं काही झालंच नव्हतं.

आमच्याकडे बाबांची 1998 सालची बजाज चेतक स्कूटर आहे, दोन स्ट्रोकवाली, 12 व्होल्टची, म्हणजे ठिणगीसाठी जुनं पॉइंट-कंडेन्सर नाही, सीडीआय आहे, प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. इथेच आकुर्डीत चेतक बनायच्या, त्यामुळे पुण्यात या गाडीचे जाणकार पायलीला पन्नास, आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. माझी सासुरवाडी सासवडजवळ, त्यामुळे हडपसर, फुरसुंगी, वडकी करत दिवे घाट चढायचा हे ठरलेलं, आणि खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की गाडी बंद हेही ठरलेलं. एकदा तर सीताफळाची पाटी पायाशी आणि बायको मागे, घाट उतरताना नाही हं, चढतानाच, म्हणजे जिथे सीताफळं पिकतात त्या सासवडलाच सीताफळं न्यायची वेळ आली होती, ते का आणि कसं ते सोडा.

तीन वर्षांत काय काय बदललं ते ऐका. प्लग चार वेळा. सीडीआय दोन वेळा, त्यातला एक डुप्लिकेट निघाला, दोन महिन्यांत मेला. कार्बोरेटरचं किट. पेट्रोलचा कॉक. क्लच प्लेट, हो, एकाने क्लच प्लेटसुद्धा बदलली, का ते त्यालाच माहीत. प्रत्येक वेळी गाडी आठ-दहा दिवस मस्त चालायची कारण त्या आठ-दहा दिवसांत मी घाटात जायचोच नाही. आणि मेकॅनिककडे नेली की ती गार असायची, तो किक मारणार, चालू होणार, "काय झालंय हिला, ठणठणीत आहे की" म्हणणार, आणि काहीतरी बदलायचं म्हणून बदलणार. त्याची पण चूक नाही म्हणा, गार गाडीत दोष दिसतच नाही.

घोळ सुटला तो याच मुद्द्यावर. तपासणी गॅरेजमध्ये नाही, जिथे बंद पडली तिथेच आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत करायची. नंतर ती गार झाली की पुरावा गेला. म्हणून मी डिकीत एक पिशवी ठेवायला लागलो: प्लग पाना, एक चांगला चालू असलेला जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, फडकं, पाण्याची छोटी पारदर्शक बाटली, हातभर वायर आणि दीडशे-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर. आणि मुद्दाम, काही काम नसताना, रविवारी सकाळी घाटात गेलो गाडी बंद पाडायला. बायको म्हणाली लोक देवदर्शनाला जातात, तू बंद पडायला चाललायस.

बंद पडली की पहिलं काम किक मारायची नाही. सीट उचलायची आणि टाकीचं झाकण उघडायचं, आणि कान देऊन ऐकायचं. "फुस्स" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर निम्मा चोर सापडला. या गाडीला पंप-बिंप नाही, टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यायला लागते. ते भोक धुळीने किंवा गंजाने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल ठिबकत-ठिबकत येतं. गावात थांबत-थांबत चालवताना कळत नाही, कारण तेवढं पुरतं. घाटात सेकंड गिअरमध्ये फुल रेस दिली की कार्बोरेटरचा फ्लोटचा खड्डा, जिथे थोडं पेट्रोल साठून राहतं तो, रिकामा होतो. पंधरा-वीस मिनिटं थांबलात की हळूहळू हवा शिरते, खड्डा भरतो, गाडी चालू. बघा, लक्षण तंतोतंत तेच, आणि उष्णतेचा काही संबंध नाही!

आणि ती प्रसिद्ध गाडी तिरकी करायची पद्धत. आमच्या बाबांच्या पिढीतल्या प्रत्येकाने केलेली. पेट्रोल तळाला गेलं असेल किंवा फ्लोटची सुई (त्या खड्ड्यात येणारं पेट्रोल सोडणारी-अडवणारी) अडकली असेल तर तिरकी करून हलवल्याने फायदा होतो, हे खरं आहे. पण स्पार्क गेला असेल तर ती तिरकी करा नाहीतर उलटी टांगा, काही होणार नाही, आणि नुसतं करत राहिलात तर इंजिन ओव्हरफ्लो होऊन दुसरंच दुखणं मागे लागतं.

माझ्याकडे पहिल्या रविवारी "फुस्स" आला. इतका आनंद झाला की विचारू नका. घरी येऊन झाकण पेट्रोलमध्ये भिजत घातलं, बारीक तारेने भोक मोकळं केलं, तोंडाने फुंकून बघितलं. पेट्रोल पाइप कार्बोरेटरकडून काढून दुसऱ्या बाटलीत सोडून बघितला, झाकण लावून आणि झाकण उघडून, दोन्हीकडे धार सारखी. (ही टेस्ट इंजिन पूर्ण गार असताना आणि मोकळ्या हवेत करा, विडी-काडी लांब.) पाइप पण कडक झाला होता, दाबला तर भेगा दिसत होत्या. 2025 पर्यंत आपल्याकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सगळीकडे आलं, आणि या गाड्या बनल्या तेव्हा ते डोक्यातच नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं नाहीतर कडक करतं, पाणी ओढून घेतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवून खाली पाठवतं. तेव्हा पाइप, कॉकचं रबर आणि फ्लोटच्या सुईचं टोक या तीन गोष्टी एकदा इथेनॉल चालणाऱ्या घेऊन बदलूनच टाका.

आता माझा शहाणपणा ऐका. गाळ येतोय म्हटल्यावर मी पाइपमध्ये बाईकचा छानपैकी पारदर्शक फिल्टर बसवला, अपग्रेड! परत घाटात गेलो, परत बंद. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत उतार एवढासा, त्यात कागदाचा बारीक फिल्टर घातला आणि पाइपला फिल्टरसाठी वळण दिलं, की हवेचा बुडबुडा वळणात अडकून बसतो आणि पेट्रोल थांबतं. असल्या कागदी फिल्टरमधून पेट्रोल जायला जोर लागतो, आपलं नुसतं वजनावर येतं. फिल्टर काढून टाकला, पाइप आखूड आणि सरळ ठेवला. कॉकच्या तोंडाला आत जाळी असते तीच साफ ठेवा, पुरते.

एवढं करून पुढच्या रविवारी गेलो तर गाडी आधीपेक्षा जास्त चढली, मी मनातल्या मनात पेढे वाटायला लागलो, आणि तलावाच्या जरा वर जाऊन फट्कन बंद. झटके नाहीत. एकदम. हा फरक लक्षात ठेवा: पेट्रोल संपत आलं की गाडी कुंथत-कुंथत, झटके देत मरते. स्पार्क गेला की दिवा घालवल्यासारखी मरते. म्हणजे माझ्या गाडीत दोन दुखणी एकावर एक बसली होती आणि म्हणूनच एक बरं केलं तरी माणसाला वाटायचं काही फरक नाही.

झाकण उघडलं, "फुस्स" नाही. मग प्लग. लावलेला प्लग काढत बसू नका, गरम असतो, हात भाजतो, आणि भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना शेजारी ठिणगी पाडणं म्हणजे आपल्या हाताने होळी. लावलेला तसाच राहू द्या, नुसती कॅप काढा, जादा प्लग कॅपमध्ये घाला, त्याचं लोखंड हेडच्या पंखांना (इंजिनावरच्या धातूच्या पट्ट्यांना) नीट टेकवा आणि किक मारा. स्पार्क नाही. अजिबात नाही.

आता सीडीआयवर दोष टाकून मोकळे होऊ नका, माझे दोन सीडीआय असेच गेले. सीडीआयला येणाऱ्या वायरींमध्ये एक इंजिन बंद करायची वायर असते, चावीकडे जाणारी, ती अर्थ झाली, म्हणजे गाडीच्या बॉडीला टेकली, की स्पार्क बंद. ती काढून परत किक मारा. स्पार्क आला तर दोष चावीत किंवा वर जाणाऱ्या वायरीत. माझ्याकडे नाही आला. मग खाली इंजिनकडून येणाऱ्या वायरींचा रेझिस्टन्स मीटरवर एकेक करून अर्थशी तपासला, आणि त्यातल्या एकीवर आकडा नाचत होता. वायरीला नुसता हात लावला तरी बदलत होता. बाटलीतलं पाणी पीत तिथेच बसून राहिलो, दर पाच मिनिटांनी मीटर लावला. गार होत गेली तसा आकडा जागेवर आला, आणि किक मारली तर चालू. तीन वर्षांनी पहिल्यांदा मला काय चाललंय ते कळलं.

मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) मागे जी कॉइल प्लेट असते ना, वीज बनवणाऱ्या कॉइलची, तिच्यावरून निघणाऱ्या वायरींचं वरचं प्लास्टिक पंचवीस वर्षांच्या उष्णतेने आणि ऑइलने बिस्किटासारखं भुरभुरीत होतं. हे या जातीच्या स्कूटरचं म्हातारपणाचं दुखणंच आहे, तिच्या इटालियन भावंडांमध्ये, म्हणजे वेस्पात, पण असतं. वायर हलली, तापली की आतलं तांबं एकमेकांना किंवा बॉडीला चिकटतं आणि स्पार्क जातो. वर आणखी एक गंमत, इंजिन बंद पडलं की मॅग्नेटवरचा पंखा पण बंद, म्हणजे गार करणारी हवाच थांबते आणि पहिली काही मिनिटं आत उलट जास्त तापतं. म्हणून लगेच किक मारून कधीच चालू होत नाही.

मॅग्नेट काढायचं काम घरी होतं, फक्त घाई नको. पंख्याचं कव्हर काढा, मधला नट काढताना मॅग्नेट फिरू नये म्हणून पंख्यात स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पाती तुटतात आणि मग मॅग्नेट थरथरतो. जुना बेल्ट गुंडाळून धरा, किंवा पट्ट्याचा पाना. माझ्याकडे पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) लागला, नाना पेठेत मिळाला. काही जुन्या मॉडेलात नट आणि पुढची सर्क्लिप (खाचेत बसणारी लोखंडी कडी) हेच पुलरचं काम करतात, नट आधी ढिला होतो आणि मग परत घट्ट लागतो, तेव्हा घाबरायचं नाही, तो मॅग्नेट ओढतोय. हातोडी मात्र मॅग्नेटवर चालवू नका, मॅग्नेट कमजोर होतो आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) वाकला तर खिशाला भोक. आत क्रँकवर मॅग्नेट जागेवर धरणारी अर्धचंद्रासारखी छोटी लोखंडी की असते, ती पडून हरवते, माझी कपाटाखाली सापडली.

प्लेटचे स्क्रू ढिले करायच्या आधी प्लेट आणि इंजिन दोन्हीवर मिळून एक रेघ ओरखडा. ती प्लेट जरा फिरली की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बदलतं आणि गाडी तापायला लागते, म्हणजे एक आजार काढून तोच परत घातल्यासारखं. मोबाइलवर फोटो पण काढा, रंग विसरायला होतात.

प्लेट टेबलावर आली तेव्हा वायरी नुसत्या वाकवल्या तर कव्हर गळून पडलं. नवी प्लेट मिळते, पण मला कॉइल तपासून बघायच्या होत्या. मीटर लावून ठेवला आणि बायकोचा हेअर ड्रायर प्लेटवर पाच मिनिटं धरला. आकडा किती यायला हवा यावर भांडणं होतात आणि कंपनीनुसार बदलतो पण, म्हणून मी बघतो की तापल्यावर आकडा पळतो का. थोडा वाढणं नॉर्मल आहे, तांबं तापलं की वाढतोच. पण एकदम उडाला, किंवा मीटर ओपन दाखवायला लागला तर ती कॉइल गेली, पिकअप कॉइल (ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला सांगणारी) बहुतेक वेळा अशीच जाते, गार असताना साजूक आणि तापली की मेलेली. माझ्या कॉइल ठीक होत्या, फक्त वायरी गेलेल्या.

वायरी बदलल्या. घरातली साधी पीव्हीसी वायर घालू नका, दोन उन्हाळ्यात परत तेच. मोटर वायंडिंगवाल्याकडे उष्णतेला टिकणारी वायर मिळते, वर घालायला फायबरची स्लीव्ह पण त्याच्याकडेच, सगळं मिळून शे-दीडशेत झालं. झाळकाम (सोल्डरिंग) करताना जुनं टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नाहीतर झाळ वरवर चिकटते आणि थरथरीने सुटते. वायरी मॅग्नेटला घासणार नाहीत अशा दोऱ्याने बांधा आणि बाहेर निघतात तिथलं रबर नवीन घाला.

मॅग्नेट काढलाच आहे तर मागचं ऑइल सील (क्रँकभोवतीचं रबरी कडं) बघून घ्या. माझं कडक होऊन कडेने ओलं दिसत होतं. दोन स्ट्रोक इंजिनात हे सील गळलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिक्श्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि इंजिन तापतं. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, स्वतःच वर पळतं, ही त्याची खूण. मॅग्नेटच्या बाजूचं बाहेरून निघतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल प्यायला लागतं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं, ते काम मात्र इंजिन खोलायचं, मी ते हात लावत नाही.

बसवून झाल्यावर प्लगची गॅप 0.6 मिलिमीटर ठेवली, आणि वीस किलोमीटर चालवून प्लगचा रंग बघितला. चॉकलेटी हवा. माझा पांढुरका आला. इथेनॉलवाल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे जुना जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तसाच ठेवला तर मिक्श्चर पातळच जातं. मेन जेट एक नंबर मोठा घातला, रंग आला. जेट भोक पाडून मोठा करणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. ऑइल लिटरला 20 मिली, ना कमी ना जास्त, आधी बाटलीत हलवून मगच टाकीत. आणि घाट उतरताना रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांबवर सोडत जाऊ नका, या इंजिनाला ऑइल पेट्रोलसोबतच मिळतं, रेस बंद म्हणजे ऑइल पण बंद. मध्ये मध्ये क्लच दाबून जरा रेस द्या. सायलेन्सर पण एकदा साफ केला, आतून एवढी काजळी निघाली की बादलीभर पाणी काळं.

अपग्रेडचं थोडक्यात, कारण सगळे तेच विचारतात. हेडलाइट थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो म्हणून रेस कमी की उजेड कमी. नुसता एलईडी बल्ब लावला तर फडफडतो, कारण तिथे एसी करंट आहे. एसीचा डीसी करणारा छोटा ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर मध्ये घातला आणि फडफड गेली. आधी रेग्युलेटर तपासा मात्र, रेस दिल्यावर मीटर 15 व्होल्टच्या बराच वर पळत असेल तर एलईडी आठवड्यात जळेल. ज्यांची गाडी 6 व्होल्ट पॉइंटवाली आहे आणि इलेक्ट्रॉनिक करायची आहे त्यांनी मॅग्नेट विकत घ्यायच्या आधी क्रँकचा टेपर (टोकाचा निमुळतेपणा) जुळतो का ते बघा, जुना मॅग्नेट दुकानात घेऊन जाऊनच जुळवा, जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी उचललेला माल परत कोणी घेत नाही. पुढचा ब्रेक नवीन शू घालून पण जेमतेमच राहतो, त्याचं काही करता येत नाही, अंतर ठेवून चालवायचं. मोठा सिलेंडर घालायचा मोह मी टाळला. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायला आरटीओत न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि तिथे कागदावर नसलेलं इंजिन घेऊन उभं राहायची हौस मला नाही.

त्यानंतर सात-आठ वेळा दिवे घाट चढलो, त्यातला एकदा मे महिन्यात भर दुपारी, मागे बायको आणि पायाशी अंजिराची पेटी. बंद पडली नाही. आता तिसऱ्या गिअरमधून कधीकधी सटकते, बहुतेक गिअरची केबल ताणायची आहे, नाहीतर आतला क्रॉस (गिअर पकडून ठेवणारा तुकडा) झिजलाय. केबल येत्या रविवारी बघतो. क्रॉस असला तर इंजिन उघडायला लागेल, कोणी घरी केलं असेल तर क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच) वेगळं करताना काय त्रास झाला ते सांगा.